सुई न शिवलेले निशाण

आमच्या वाईच्या घरी शिवणाचे मशीन आले त्या वर्षी मी दहा-अकरा वर्षांची असेन. मशीन आले आणि घरात शिवल्यावाचून राहिलेली एकही वस्तू उरू नये असा मला ध्यास लागला. उशांचे अभ्रे झाले, खिडक्यांचे पडदे झाले, रेडिओवरचे झाकण झाले, बाबांच्या छत्रीलासुद्धा मी खोळ शिवली. फाल्गुन संपत आला तेव्हा माझी नजर गुढीकडे वळली. दरवर्षी आजी लुगड्याच्या निऱ्या काढून त्या सुतळीने करकचून वेळूला बांधी, आणि कृष्णेवरून वारा सुटला की निऱ्या एका अंगाला सरकत. एका हिरव्या खणाला वर नेफा घालून आणि खाली झालर लावून गुढीसाठी बेताचा परकरच शिवून टाकावा, म्हणजे दरवर्षीची यातायात संपेल, असा माझा बेत होता. नेफा घालून झाला आणि झालरीला हात घालणार इतक्यात आजीने पाहिले. ती रागावली नाही. समोर बसकण मारून तिने एकेक टाका उसवला, खण झटकला, त्याची घडी घातली आणि म्हणाली, "गुढीला सुई लावायची नाही, बाळ."

का, असे विचारण्याची आमच्या घरी मुभा होती, उत्तर मिळेलच अशी खात्री मात्र नव्हती. "नाही म्हणजे नाही" एवढ्यावर तो विषय मिटला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. पुढे शिक्षकी पेशात इतिहास शिकवताना जुने ग्रंथ चाळायची सवय लागली आणि त्या उसवलेल्या नेफ्याचे धागे मला भलभलत्या ठिकाणी सापडू लागले. दिवाळीच्या अंकात चैत्रातल्या गुढीची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त दिवाळीतल्या पाडव्याचा आहे, आणि दारावर काय बांधायचे हा प्रश्न याच दिवसांत घरोघर निघतो. लेखाच्या अखेरीस दिवाळीपाशीच येऊन पोचायचा माझा विचार आहे.

आधी गुढी म्हणजे काय ते पाहू. मराठी माणसाला हे सांगणे म्हणजे सुगरणीला फोडणी शिकवणे. पण रोजच्या पाहण्यातल्या गोष्टीकडेच आपण नीट पाहत नाही. एक वेळू घ्यायचा, धुऊन पुसून त्याला तेलाचा हात लावायचा. एक कोरे किंवा धुवट लुगडे नाहीतर खण घ्यायचा, त्याच्या निऱ्या काढायच्या, आणि त्या वेळूच्या शेंड्याला सुतळीने आवळायच्या. त्यावर कडुनिंबाची डहाळी, आंब्याचा टाळा, फुलांची माळ आणि साखरेची गाठी. सगळ्यांच्या वर तांब्या किंवा गडू पालथा घालायचा. या पालथ्या तांब्याचे पुष्कळ अर्थ लोक सांगतात. मला दिसतो तो अगदी साधा आहे. निऱ्यांचा जाड बुचका तांब्याच्या तोंडात घट्ट बसतो, आणि तांब्याच्या भाराने खालची गाठ सैल होत नाही. शिंप्याने एका नेफ्यात जे साधले असते ते इथे एका गाठीने आणि एका भांड्याने साधले आहे. खिळा नाही, टाका नाही. संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या सुमारास गुढी उतरवली की तांब्या पाण्याच्या कामाला, गाठी पोरांच्या तोंडात, वेळू माळ्यावर आणि लुगडे पुन्हा पेटीत किंवा अंगावर. दिवसभर दारात जो ध्वज मिरवला त्याचा रात्री मागमूस राहत नाही. ज्याच्या त्याच्या जागी जाऊन सगळे पुन्हा कामाला लागते.

पंचांगाच्या पहिल्या पानांवर जो संस्कृत श्लोक छापतात त्यात नव्या वर्षाच्या आरंभी घरोघर ध्वज उभारावा असे सांगितले आहे. शब्द ध्वजाचा आहे. आपल्या लोकांनी त्या जागी ठेवली ती गुढी. गंमत अशी की हाच दिवस कर्नाटकात आणि आंध्रात उगादीचा. तिथे दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागते, कडुनिंब आणि गूळही जिभेवर येतो, पण काठीला लुगडे चढवायची रीत तिकडे दिसत नाही. ती खास आपली. आणि आपल्याकडेही ती फक्त पाडव्याची नव्हती. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात अवतार कशासाठी होतात हे सांगताना ज्ञानदेवांना गुढीच आठवली: सज्जनांच्या हातून सुखाची गुढी उभारणे हे देवाच्या कामांपैकी एक काम आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९०. तेव्हा श्रोत्यांना या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागला नाही, यावरून त्याचे वय ओळखावे. आनंदाची बातमी आली, कोणी मोठा माणूस गावात येणार असला, की गुढी उभी राहायची.

बखरींत तर ती जागोजाग भेटते. इ. स. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, कुतुबशहाच्या भेटीला गेले. त्या प्रवेशाचे वर्णन करताना कृष्णाजी अनंत सभासदाने शहर कसे शृंगारले होते ते सांगितले आहे. कुंकवा-केशराचे सडे झाले, रांगोळ्या झाल्या, आणि मग त्याने चार शब्द ओळीने मांडले आहेत: गुढ्या, तोरणे, पताका, निशाणे. भागानगरात खरोखरच वेळूवर लुगडी चढवली होती, की जिंजीस बसून इ. स. १६९७ च्या सुमारास बखर लिहिणाऱ्या सभासदाने परक्या शहराला मराठी साज घातला, हे ठरवायला साधन नाही. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. पण चार वस्तूंना चार निराळी नावे आहेत, ती उगीच नव्हेत. निशाण सैन्याचे असते, पताका दिंडीच्या खांद्यावर असते, तोरण दाराचे असते. गुढी या सगळ्यांहून वेगळी. भाषेचाही कौल घ्या. तोरण आपण बांधतो, गुढी उभारतो, पताका लावतो, झेंडा रोवतो. यांतल्या एकालाही शिवणे हे क्रियापद चिकटलेले नाही.

वेळूला वस्त्र बांधून त्याचा उत्सव करायचा ही कल्पना कुठली, याचा माग काढणारे बहुधा महाभारताच्या आदिपर्वाशी जाऊन थांबतात. चेदी देशाचा राजा उपरिचर वसू याला इंद्राने वेळूची काठी दिली. वर्ष सरताना त्याने ती जमिनीत रोवली, आणि दुसऱ्या दिवशी वस्त्रे, गंध आणि माळा यांनी सजवून तिची पूजा केली. हाच इंद्रध्वज. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याच्यावर एक सबंध अध्याय लिहिला. काठमांडूला इंद्रजात्रेत आजही हनुमान ढोक्यापाशी उंच खांब उभा करतात. गुढीचे मूळ इथे आहे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. इंद्रध्वज राजाचा, तो राजधानीत एकच, आणि तोही भाद्रपदात. आपली गुढी ज्याच्या त्याच्या दारात. एका राजाची काठी हजार दारांत कशी गेली, हा खरा इतिहास. आणि तो लिहून ठेवायला कोणी राजाचा भाट नव्हता.

तरीही चैत्रात महाराष्ट्रभर फिरले तर या काठीचे नातेवाईक दिसतात. कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीवर ज्योतिबाची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. तिथे गावोगावच्या सासनकाठ्या कापडाने मढवून नाचवत आणतात. साताऱ्याच्या माण तालुक्यात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या लग्नात देवळाच्या शिखरापासून बळीच्या, म्हणजे अमृतेश्वराच्या, देवळाच्या शिखरापर्यंत लांबच लांब पांढरे वस्त्र बांधतात. त्याला ध्वजच म्हणतात. खालून पाहणाऱ्याला वाटावे, डोंगराने फेटा बांधला!

असाच फेटा आणखी दक्षिणेला, श्रीशैलावर आहे, आणि तो माझ्या विषयाला फारच जवळचा आहे. महाशिवरात्रीला मल्लिकार्जुनाच्या देवळाला वस्त्र बांधतात. ते ३६० हात लांब असते. विणकर रोज एक हात याप्रमाणे ते वर्षभर विणतो, आणि त्या रात्री दिवे मालवून, मिट्ट काळोखात, शिखराभोवती आणि समोरच्या नंदींवरून ते गुंडाळतो. वर्षाचे जितके दिवस तितके हात! सबंध वर्ष एका पट्टीत विणलेले, कुठे जोड नाही. जोड द्यायची वेळ आली असती तर सुई लागली असती, आणि मग मधल्या एखाद्या दिवसाला टाका पडला असता. भागानगरहून निघालेले शिवाजी महाराज याच स्वारीत श्रीशैलास गेले होते. देवळाच्या उत्तरेच्या गोपुराला त्यांचे नाव आहे.

देवाला, पूजेला आणि मंगलकार्याला न शिवलेले वस्त्र हवे, हा आपल्याकडचा जुना दंडक. सोवळ्याचे धोतर, उपरणे, लुगडे, लग्नातला अंतरपाट यांपैकी एकालाही सुई लागलेली नसते. श्रावणात आणि गौरी-गणपतीत घरच्या बायका कापसाची वस्त्रे करतात. ती तर शिवणे राहोच, विणलेलीही नसतात. ओल्या बोटांनी कापूस ओढायचा, मध्ये मध्ये कुंकवाचे बोट लावून मणी पाडायचे, आणि देवाच्या गळ्यात घालताना त्याला म्हणायचे वस्त्र. माझ्या आजीच्या "नाही म्हणजे नाही"चा अर्थ मी बरीच वर्षे एवढाच समजत होते: सुईने भोसकलेले कापड देवाला चालत नाही.

पण मराठीत शिवणे या एका क्रियापदात सुईही आहे आणि स्पर्शही आहे. गुढीचा इतिहास पाहताना हा दुसरा अर्थ मला अडवून उभा राहतो. चोखोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात पंढरीची वाट आहे आणि तिथे गुढीही आहे. चोखोबा चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे. देवळाच्या शिखरावरचे निशाण त्यांनी आयुष्यभर बाहेरूनच पाहिले; आत जायची त्यांना बंदी होती. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून ते तिच्याखाली गेले. त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या त्या नामदेवांनी, जातीने शिंपी असलेल्या संताने. समाधी झाली तीही महाद्वाराबाहेर. पंढरपूरचे ते दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे ते उघडले. मध्ये सहाशे वर्षे गेली. अशा माणसाच्या अभंगात गुढी यावी, याला माझ्या लेखी फार अर्थ आहे. देवळाचा ध्वज चढवायला मान लागतो, हक्क लागतो, पुजाऱ्याचा होकार लागतो. गुढीला लागते ती काठी, अंगावरचे एक वस्त्र आणि एक गाठ. अभंगात तरी ती उभारायला चोखोबांनी कोणाची परवानगी मागितलेली नाही.

राज्याच्या निशाणांची गोष्ट याच्या उलट. जरीपटका हे मराठी सैन्याचे मानाचे निशाण; ते ज्याच्याबरोबर असेल त्याच्या शब्दाला मोहिमेत वजन. असे निशाण कसबी हातांनी शिवलेले, जरीने मढवलेले, जपून ठेवलेले असायचे. एकदा निशाण झालेले कापड पुन्हा कोणाचे धोतर होत नसे. आपल्या राष्ट्रध्वजाचेही तसेच, आणि ते योग्यच आहे. २२ जुलै १९४७ रोजी घटनासमितीने तो स्वीकारला. पुढे देशात मालाची मानके ठरू लागली तेव्हा पहिल्या क्रमांकाचे मानक ध्वजाचे झाले. लांबी-रुंदीचे प्रमाण तिनास दोन, आकार ठरलेले नऊ, रंगांच्या छटा ठरलेल्या, शिवणसुद्धा ठरलेली. कमरेखालचे वस्त्र म्हणून तो वापरायला मनाई आहे. फार वर्षे तो हातकताईच्या खादीचाच असे. आपल्याकडे नांदेडला तो तयार होतो. २०२१ च्या डिसेंबरात नियम बदलून यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे कापडही चालेल असे ठरले. ध्वज कापडाचा असला तरी कापड म्हणून त्याचा विचारच करायचा नाही, हा या साऱ्या नियमांचा गाभा. गुढीत नेमके उलटे आहे. तिच्यातले कापड एका दिवसापुरते ध्वज होते, आणि त्या दिवशीसुद्धा ते लुगडे आहे हे कोणी विसरत नाही. शेजारीण गुढीला हात जोडते आणि त्याच दमात विचारते, "हा काठ कुठे घेतलात हो?"

आजीच्या बोलण्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. माझे लग्न झाल्यावर पहिल्या पाडव्याला मी माहेरी आले होते. गुढी उतरवून लुगड्याची घडी घालता घालता तिने आपण होऊन सांगितले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. १९४३ साली सरकारने सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणले. कंट्रोल हा शब्द तेव्हापासूनच घराघरांत शिरला. कापड मिळे ते मोजून, रांगेत उभे राहून, आणि जे मिळे ते जाडेभरडे. आजीजवळ दोन लुगडी उरली होती. त्यांतले एक अंगावर आणि दुसरे पाडव्याच्या सकाळी गुढीला. दुपारी धाकटा काका, तेव्हा वर्षाचा, तिच्या मांडीवर ओकला. लुगडे पार बरबटले. नेसायला दुसरे नाही, आणि दुसरे आहे ते दारात, उन्हात, देव होऊन उभे. ती न्हाणीघरात जाऊन नुसती उभी राहिली. सोवळ्या-ओवळ्यात कोणाला बोटभर सवलत न देणारी तिची सासू बाहेरून सगळे पाहत होती. ती म्हणाली, "उतरव गं ती गुढी आणि नेस. सूर्याला मी सांगते." मग आजोबांच्या वडिलांनी काही न बोलता खांद्यावरचे उपरणे काढले, आणि सूर्य मावळेपर्यंत आमच्या दारात उपरण्याची गुढी होती.

"आता तूच सांग," आजी म्हणाली, "तुझ्यासारखा परकर शिवलेला असता, तर मी काय नेसले असते?"

म्हणून खणाची रीत मला सर्वांत शहाणी वाटते. खण येतो तो बहुतेक गुळेदगुड्डहून, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातून. तिथल्या मागांवर तो चोळीच्या मापानेच विणला जातो, आणि पिढ्यान्‌ पिढ्या त्याचे मोठे गिऱ्हाईक आपण. तो कापायचा नसतो, जोडायचा नसतो. आधी त्याने ओटी भरतात किंवा गुढी सजवतात. मग तो शिंप्याकडे जातो आणि त्याची चोळी होते. सुई लागते ती सणानंतर. आधी देवाचे, मग बाईचे, आणि मधे वाया काही जात नाही. खणाच्या आकारात हा सगळा हिशेब बसवणाऱ्या विणकराला अर्थशास्त्र कोणी शिकवले असेल!

घरोघर शिवणाची यंत्रे आली तरी हा हिशेब मोडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी यंत्रे आली, १९३० च्या दशकात उषा हे देशी नाव आले, आणि माझ्या लहानपणी तर शिवणाच्या वर्गाला न गेलेली मुलगी लग्नाच्या बाजारात एक पाऊल मागे असे. त्या यंत्रांनी घरातले सगळे शिवले, गुढी तेवढी सुटली. ती आता आता सापडली आहे. बाजारात वीतभर उंचीच्या तयार गुढ्या मिळतात, आणि मोठ्या गुढीसाठी शिवलेली, चकचकीत लेस चिकटवलेली, नेफा घातलेली वस्त्रेही मिळतात. म्हणजे माझा दहाव्या वर्षीचा शोध कोणीतरी पुन्हा लावला! फ्लॅटच्या खिडकीत आठ हात वेळू मावत नाही, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर हसण्यात अर्थ नाही. तयार वस्त्राने वेळ वाचतो हेही खरे. पण ते वस्त्र दुसऱ्या दिवशी कोणाच्या अंगावर जात नाही. ते पिशवीत जाते, माळ्यावर बसते आणि वर्षभर काही करत नाही. त्याचे निशाण झाले. लुगडे राहिले नाही. लहान खिडकीला लहान काठी आणि एक खण पुरतो, आणि खणाला निऱ्या काढायला पाच मिनिटे लागतात, एवढेच माझे म्हणणे.

आता दिवाळीपाशी आले. दाराला आणि गॅलरीला बाजारातल्या माळा आणण्याऐवजी गेली काही वर्षे मी आजीच्याच पद्धतीने, सुईदोऱ्याला हात न लावता, कापडाची तोरणे करते. लागते ते एक विरलेले सुती लुगडे, सुतळी आणि रिकामी दुपार. कापड कात्रीने कापत बसू नये. कडेला बोटभर चीर द्यावी आणि दोन्ही हातांनी फाडावे. सुती कापड सुताच्या रेघेत सरळ फाटते, आणि त्या फाटण्याचा आवाज घरातल्या मुलांना फटाक्याइतकाच आवडतो. पॉलिस्टर असे फाटत नाही, तेव्हा तो नाद सोडावा. चार बोटे रुंद आणि हातभर लांब अशा पट्ट्या कराव्यात. पट्टी मधोमध दुमडावी, दुमडलेला फास सुतळीच्या मागून वर काढावा, आणि दोन्ही टोके त्या फासातून ओढून घ्यावीत. गाठ आपोआप आवळते. एका मीटरच्या दाराला साधारण पन्नास पट्ट्या लागतात, त्यांना दीड मीटर कापड पुरते. म्हणजे एका नऊवारीत पाच दारे आरामात सजतात. काठाच्या पट्ट्या वेगळ्या ठेवून दर चार साध्या पट्ट्यांनंतर एक अडकवली की त्या जुन्या लुगड्याचा रंग दारात पुन्हा उठून दिसतो. फाटलेल्या कडांना दशा सुटतात. त्या कापू नयेत. धोतराला आणि उपरण्याला असतात, तोरणाला का नसाव्यात?

पताका हव्या असतील तर त्रिकोण कापावेत. तिरक्या कापलेल्या कडेचे सूत सरळ कडेपेक्षा कमी सुटते, त्यामुळे दुमडून शिवायची गरज पडत नाही. त्रिकोणाची वरची कड सुतळीवरून दोन बोटे दुमडून खळीने चिकटवावी. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी घालून, गुठळ्या मोडून, मंद विस्तवावर पारदर्शक होईपर्यंत शिजवले की खळ तयार. जुने लोक किडीसाठी तिच्यात मोरचूद घालीत. ते विषारी आहे, घरात लहान मुले असतील तर घालू नये. पांढरे कापड रंगवायचे तर हळदीच्या कढत पाण्यात बुडवावे, आणि अर्धे भाग चुन्याच्या निवळीत टेकवावे. हळद तिथे लाल होते, आणि एकाच रंगातून दोन रंग मिळतात. उन्हात तो विटतो, पण दिवाळी चार-पाच दिवसांची. पणत्या मात्र या झुलत्या कापडापासून चांगल्या हातभर दूर ठेवाव्यात. तुळशीच्या लग्नानंतर सुतळी सोडली की पट्ट्या सुट्या होतात. त्यांतल्या धडक्या गोधडीच्या अस्तरात जातात, उरलेल्या फडताळ पुसायला. हळदीचा डाग पडलेले फडके आमच्याकडे होळीपर्यंत पुरते.

या वर्षी पट्ट्या फाडायला नात बसली होती. ती फाडता फाडता म्हणाली, आजी, हे मशीनवर एका तासात झाले असते. मी म्हटले, झाले असते खरे. आजीच्या हातचा तो हिरवा खण अजून माझ्याजवळ आहे. नेफ्याच्या टाक्यांची बारीक भोके त्याच्या एका कडेला ओळीने दिसतात. इतक्या वर्षांच्या धुण्यानेही ती बुजली नाहीत. तो मी नातीला दाखवला. यंदाच्या गुढीचा खण दुसरा आहे, जांभळा. पाडव्यापासून तो कपाटातच पडून आहे. चोळी शिवायची म्हणून परवा शिंप्याकडे घेऊन गेले, तर तो म्हणाला, "दिवाळीची गर्दी आहे ताई, तुळशीच्या लग्नानंतर आणा."